सर्वांत मऊ पॅड

वार गुरुवार, मार्गशीर्षातला. वहीच्या पानाचा तारखेचा कोपरा वाळवीने खाल्ला आहे आणि वाळवीशी वाद घालण्यात अर्थ नाही. हजर: बाबा, गाड्यांचे रंगारी, दुकानाचे मालक आणि आपल्याला वाटतं त्यापेक्षा थोडे कमी माझेही; आई, उपास असल्यामुळे रोजच्यापेक्षा दुप्पट खात असलेली; गजानन मामा, आईचा धाकटा भाऊ, पत्र्याचे पोचे काढणारा कारागीर, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा; मडावी बाई, आरमोरीच्या शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका, दुपारी येणार होत्या पण सकाळीच आल्या; आणि मी, शालू, वय एकोणीस, हातात वही. शिवाय एक काळी गाडी. गैरहजर: मामाची अक्कल. ही शेवटची नोंद त्याच दिवशी नंतर वेगळ्या शाईने केलेली दिसते, आणि आज इतक्या वर्षांनी वाचतानाही मला ती खोडावीशी वाटत नाही.

आमचं दुकान चंद्रपूरला, परकोटाच्या बाहेर, कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्याला होतं. पुढे दुकान, मागे घर आणि दोन्हींच्या मधे एक पडदा, ज्याला चार थर रंगाचे बसल्यामुळे तो हलायचा नाही, कुरकुरायचा. वरणाला थिनरचा वास यायचा. पाहुणे आले की आई फोडणीत लसूण जास्त घालायची आणि पाहुणे म्हणायचे, काहीतरी वेगळी चव आहे. सकाळी सहाला मामाची लाकडी हातोडी पत्र्यावर सुरू व्हायची, मग कॉम्प्रेसर ढेकर द्यायचा, मग ट्रक. या सगळ्यांवर सारख्या मायेने पडायची ती वीज केंद्राच्या चिमण्यांची राख. तुळशीवर, पापडांवर, गाड्यांवर. गाडीवर राख पडली की चंद्रपूरचा माणूस काय करतो? गळ्यातला दुपट्टा काढतो आणि कोरडा फिरवतो. दुपट्टा आमच्याकडे टॉवेल, टोपी, पिशवी आणि रुमाल अशी चार कामं करतो. पाचवं काम म्हणजे गाडीच्या रंगावर बारीक ओरखड्यांची जाळी विणणं. आमचा निम्मा धंदा दुपट्ट्यावर चालायचा. बाबा ही गोष्ट गिऱ्हाइकाला कधी सांगत नसत.

बाबांची पॉलिशची पद्धत एक होती, आणि ती त्यांच्या मते शेवटची होती. घोंगडीच्या तुकड्याचं आईने शिवलेलं एक पॅड, जाडसर कंपाउंडचा एक डबा आणि एक हिरवी बाटली. मशीनला घोंगडी लावायची, कंपाउंड फासायचं आणि गाडी किंचाळेपर्यंत घासायची. त्यामुळे जुने ओरखडे जायचे आणि त्यांच्या जागी नवे, गोल गोल यायचे. मग हिरवी बाटली. तिच्यात खोबरेल तेल आणि घासलेट यांचं मिश्रण असायचं, आणि घरात तिचं नाव ‘मेकअप’ होतं. मेकअपचे दोन हात मारले की गाडी नवऱ्या मुलासारखी दिसायची. तीन वेळा धुतली की नवऱ्या मुलासारखीच खरी दिसायला लागायची, पण तोवर वरात घरी गेलेली असे.

मी या सगळ्यात कशी आले ते सांगायचं तर मामाच्या मूळव्याधीपासून सुरुवात करावी लागते. मामा दिवसाला सहा खर्रे खायचा, भाजी खायचा नाही आणि दिवसभर पत्र्याच्या स्टुलावर बसून पोचे काढायचा. व्हायचं ते झालं. त्याला नागपूरच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं आणि तो एकटा गेला तर वाटेत उतरून परत येईल, याची आईला खात्री होती, म्हणून सोबत मी. मामा दवाखान्यात शिरला तशी मी जवळच्या एका रंगांच्या दुकानात शिरले. सावली हवी होती, एवढंच कारण. तिथे भिंतीवर पॉलिशची पॅडं ओळीने टांगलेली: लोकरीची, पिवळी, पांढरी, काळी. मी म्हटलं, हे वेगवेगळे रंग कशाला? दुकानदार म्हातारा होता, गिऱ्हाईक नव्हतं, आणि बोलायला माणूस मिळाल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर दिसत होता. तो म्हणाला, रंगाकडे पाहू नकोस, प्रत्येक कंपनीचा रंग निराळा. अंगठ्याने दाब. मी दाबलं. लोकरीचं सगळ्यांत जास्त कापतं आणि तापतं. कडक फोम त्याच्या खालोखाल. मधला फोम ओरखडे काढतो, आणि सगळ्यांत मऊ फोम काहीच कापत नाही, फक्त चमक वर आणतो. पॉलिशचंही तसंच. त्याने माझ्या बोटांवर तीन थेंब ठेवले. एक वाळूसारखं लागलं, दुसरं रव्यासारखं, तिसरं नुसतं साय. “सुरुवात नेहमी सगळ्यांत मऊ जोडीनं करायची,” तो म्हणाला, “तळहाताएवढ्या जागेवर. ओरखडा गेला तर तिथंच थांबायचं. नाही गेला तर एक पायरी वर. पॅड बदल किंवा पॉलिश बदल, दोन्ही एकदम नाही. नाहीतर काम कशानं झालं ते कधी कळणारच नाही.”

मी आयुष्यात ऐकलेला हा सगळ्यांत व्यवस्थित विचार होता. शाळेत बारा वर्षं गेली, तिथे असं काही कोणी सांगितलं नव्हतं. मी जवळचे सगळे पैसे काढून लोकरीचं एक, कडक दोन, मधली दोन आणि मऊ एकच, अशी पॅडं घेतली, कारण मऊ सगळ्यांत महाग. दवाखान्यातून मामा बाहेर आला तेव्हा त्याच्याही बगलेत एक वस्तू होती. डॉक्टरने त्याला बसायला फोमची गोल गादी दिली होती, मोठ्या ताटाएवढी, मधे वाटीएवढं भोक. परतीच्या बसमधे मामा त्या गादीवर राजासारखा बसला आणि मी मांडीवर पॅडं घेऊन बसले. दोघांच्याही आयुष्याला त्या दिवशी फोमने वळण दिलं. मधल्या स्टॉपवर चढलेल्या एका बाईने विचारलं, हे काय आहे? मामा गंभीरपणे म्हणाला, “डाक्टरी सामान.”

घरी आल्यावर मी भिंतीवर सहा खिळे ठोकले. प्रत्येक खिळ्याला एक पिशवी, पिशवीत एक पॅड, पिशवीवर चिठ्ठी. वर पुठ्ठ्यावर नियम लिहिले: एका पॅडला एकच पॉलिश. जमिनीवर पडलेलं पॅड धुतल्याशिवाय लावायचं नाही. नाजूक कामाला मऊ पॅड, स्पीड कमी, दाब नको, चपटं धरावं. बाबांनी ते उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं.

“हे दुकान हाये का शाळेचं कपाट?” ते म्हणाले. “अन् ते पॅडावरून भांडन कायले? घासनं म्हन्जे घासनं.”

“मग जाळी काऊन पडते, बाबा?”

“जाळी त पडनारच. घासलं की पडते.”

मामा या पुठ्ठ्याकडे पाहायचासुद्धा नाही. तो लेखी गोष्टींच्या विरुद्ध होता. आरमोरीच्या शाळेत त्याच्यावर लिहिण्यावाचण्याचे झालेले अत्याचार तो अजून विसरला नव्हता. आणि ते अत्याचार करणाऱ्या मडावी बाई त्याच महिन्यात आमच्या दारात काळी गाडी घेऊन उभ्या राहिल्या.

बाईंनी निवृत्तीनंतर ती गाडी जुनी घेतली होती आणि स्वतः चालवायच्या, पाठ ताठ, दोन्ही हात चाकावर, जणू गाडी वर्गात बोलताना सापडली आहे. धानाच्या कापणीला त्या भावाकडे गावी गेल्या. गाडीवर चिखल, धुरळा. भावाच्या घरच्या बायकांनी प्रेमाने ठरवलं, बाईची गाडी आपण चकचकीत करू. घरातली पितळेची भांडी ज्याने चकचकीत होतात त्यानेच त्यांनी गाडी घासली: तणस आणि चुलीतली राख. नव्या धानाचं कोरडं तणस, म्हणजे पेंढा. तिघीजणी, सकाळभर. छप्परसुद्धा सोडलं नाही. काळ्या रंगावर आता ऊन पडलं की गाडी नव्हे तर कोळ्याचं जाळं उभं आहे असं वाटायचं.

“त्यांना मी चांगलं झालं म्हटलं,” बाई आम्हाला म्हणाल्या. “त्यांच्या हाताला फोड आले होते जी. पण आता हे काढा.” मग त्यांनी मामाकडे पाहिलं. “गजानन, तू इथंच असतोस म्हणे?” मामा स्टुलावरून अर्धा उठला आणि तसाच राहिला.

बाबांनी घोंगडीचं पॅड काढलं. मी म्हटलं, ही गाडी मला द्या. ते हसले. मी पुन्हा म्हटलं. तेव्हा घरात एक दुसरीच गोष्ट शिजत होती: माझा डीएडचा फॉर्म, जाड पुठ्ठ्याच्या माहितीपत्रकासकट. तो आणून देवाच्या फोटोमागे ठेवला होता आणि बाबा रोज आंघोळीनंतर देवाला आणि फॉर्मला एकाच नमस्कारात उरकायचे. मुलीने मास्तरीण व्हावं, सरकारी पगार घ्यावा आणि हाताला रंग लागू देऊ नये, एवढी साधी इच्छा. मला शाळा नको होती, मशीन हवी होती. बाबांनी फोटोकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं.

“गुरुवारपर्यंत,” ते म्हणाले. “बाईंनं गाडी पसंत केली त मशीन तुही. नाई केली त फॉर्म भरशीन अन् तोंडातून आवाज काढनार नाई. मंजूर?”

मंजूर. मी वहीत लिहिलं आणि त्यांची सही घेतली. त्यांना राग आला, पण सही केली.

मंगळवारी सकाळी गाडी तीन पाण्यांनी धुतली, कडांना आणि दिव्यांभोवती चिकटपट्टी लावली आणि मागच्या दारावर पट्टीचीच तळहाताएवढी चौकट आखली. सगळ्यांत मऊ पॅड, सगळ्यांत बारीक पॉलिश, हरभऱ्याएवढे चार थेंब. काही फरक नाही. तणसाचे ओरखडे तसेच. पॉलिश तेच ठेवलं, पॅड मधलं लावलं. थोडे गेले. पॅड मधलंच ठेवलं, पॉलिश रव्यासारखं घेतलं. आणि पट्टीच्या आतलं काळं एकदम खोल झालं, विहिरीत डोकावल्यासारखं. पट्टीच्या बाहेर तणस, आत पाणी. मी आईला हाक मारली. आई पळी घेऊन आली, पाहिलं आणि म्हणाली, “अवं, हे त आरसा झालं. आता पूर्ण गाडी करतं का एवढंच?” आमच्या घरात कौतुक असंच मिळायचं, कामासकट.

मग दोन दिवस मी जेवायलासुद्धा मशीनजवळच बसले. आईने लाखोरीच्या डाळीचे वडे केले होते, ते पोटात आणि पॉलिश भुवयांवर. एक भाग झाला की पॅड झाडायचं, दोन भाग झाले की धुवायचं. मशीन सपाट धरायची, एका जागी थांबवायची नाही. थांबली तर रंग पोळतो आणि पोळलेल्या रंगाला माफी मागून उपयोग नसतो. बुधवार दुपारपर्यंत सगळी गाडी मधल्या पॅडाने साफ झाली. दारं आणि छप्पर मऊ पॅडाने चमकवूनही झालं. उरलं बॉनेट, त्यावर मऊ पॅडाचा शेवटचा हात. ते गुरुवारी सकाळच्या उन्हात करायचं असं मी वहीत लिहिलं आणि आईबरोबर पूजेची फुलं आणायला गेले. मशीन दुकानात, पॅड आपल्या खिळ्याला. कुलूप लावलं नाही. कुलपाचा नियम पुठ्ठ्यावर नव्हता.

गुरुवारी सकाळी बॉनेटवर मऊ पॅड फिरवलं. कापडात स्पिरिट घेऊन पुसलं, कारण पॉलिशमधलं तेल ओरखडे लपवतं आणि तेल निघाल्याशिवाय खरं काय ते दिसत नाही. तेल निघालं, आणि खरं काय ते दिसलं. सबंध बॉनेटभर चंद्रकोरी. बारीक नाहीत, नखाने ओढल्यासारख्या. वही हातात होती म्हणून मी यादी केली. पॉलिश? कालचंच. कापड? धुतलेलं. राख? बॉनेट झाकलं होतं. मग पॅड काढलं आणि अंगठ्याने दाबत गोल फिरवलं. एका ठिकाणी टोचलं. आईकडून सुई मागून फोम उकरला. आतून तांबूस-तपकिरी कचकचीत तुकडा निघाला. मग दुसरा. मग पांढरं काहीतरी. मी हुंगलं. चंद्रपूरच्या माणसाला हा वास ओळखायला शिकवावं लागत नाही. सुपारी, तंबाखू, चुना.

मी मामाकडे पाहिलं. मामाने छपराकडे पाहिलं. त्याला काही बोलायचं असावं, पण तोंड उघडलं असतं तर पुरावाच बाहेर पडला असता.

“मामा, आधी थुंका.”

तो जाऊन थुंकून आला. “मनगट लचकलं ना वं काल,” तो म्हणाला. “हातोडी मारूमारू. घोटनं होये ना.” खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना जाड प्लास्टिकच्या कागदात घालून मनगट तुटेपर्यंत घोटायचा असतो, त्या घोटण्यातच त्याची चव. “मंग म्हनलं, मशीन त रिकामीच हाये.”

“मशीनवर खर्रा घोटला?”

“पन नियमानं!” मामा दुखावला. “तूच लिवून ठेवलं भिताडावर. नाजूक कामाले मऊ पॅड. स्पीड कमी. दाब नको. चपटं धरावं. सप्पा तसंच केलो. शेवटी शेवटी पन्नी फाटली जरा, त पॅड दुपट्ट्यानं झटकून पिशवीत ठेवलो. त्याच्याच पिशवीत, दुसऱ्याच्या नाई.”

माझे नियम मामाने आयुष्यात एकदाच वाचले आणि तंतोतंत पाळले.

“कसा झाला पन?” बाबांनी विचारलं.

“भाऊजी, लोन्यावानी. अर्ध्या मिंटात.”

बाबा क्षणभर विचारात पडले. ते मी पाहिलं आणि अजून विसरलेले नाही. (आता बाजारात खर्रा घोटायची मशीन सगळीकडे मिळते. पानठेल्यावर ती घरघरताना दिसली की मामाचा चेहरा उतरतो. जग आपल्या मागून आलं आणि आपल्याला न विचारता पुढे गेलं असं त्याला वाटतं.)

मऊ पॅड एकच होतं, आणि फोमात शिरलेले तुकडे धुऊन निघणारे नव्हते. नागपूर म्हणजे जाऊन-येऊन दिवस. बाई दुपारी येणार. चंद्रकोरी मधल्या पॅडाने काढता आल्या असत्या, पण मधलं पॅड काळ्या रंगावर फिकट धूर ठेवतं. तो घालवायला मऊच लागतं. मी हे सगळं बाबांना सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे फळीवरची हिरवी बाटली काढून माझ्यासमोर ठेवली.

“दोन हात मार,” ते म्हणाले. “आरमोरी काय इथी हाये? बाई पाहीन, खूष होईन, जाईन. मी काई बोलत नाई. मशीन तुही.”

हे त्यांनी प्रेमाने केलं होतं, हे मला आज कळतं. हरलेली पैज ते मला स्वतःच्या बाटलीतून जिंकून देत होते. त्या दिवशी मात्र मला एवढंच दिसलं की ती मशीन तेलावर मिळाली तर मी आयुष्यभर तेलच लावणार. मी बाटली उचलली आणि स्वयंपाकघरात चुलीजवळ नेऊन ठेवली. आईने ती उचलून पुन्हा लांब ठेवली, कारण तिच्यात घासलेट होतं आणि ती या घरातली एकमेव शहाणी व्यक्ती होती.

मी मधल्या पॅडाने बॉनेट पुन्हा घेतलं. चंद्रकोरी गेल्या, धूर उरला. मग शोध सुरू झाला. मागच्या अंगणात लिंबाला टेकवून ठेवलेलं एक भंगारातलं काळं बॉनेट होतं, त्यावर घरात सापडेल तो प्रत्येक मऊ पदार्थ घासून पाहायचा. आंघोळीचा स्पंज: रेघा. स्कूटरच्या सीटचा फोम: भुगा. गादीचा फोम: भुगा आणि ढेकूण. बाबांचं सगळ्यांत जुनं बनियन: बरं, पण मशीनला बांधल्यावर तिसऱ्या फेऱ्याला उडून आईच्या पूजेच्या घटावर. आईने माझ्याकडे पाहिलं नाही, देवीकडे पाहिलं, आणि ते जास्त वाईट होतं.

एवढ्यात दारात गाडीचा नव्हे तर चपलांचा आवाज आला. मडावी बाई. सकाळची पहिली बस पकडून, हातात नव्या धानाच्या पोह्यांचा डबा घेऊन. त्यांनी बॉनेट पाहिलं, धूर पाहिला, अंगणातला भुगा पाहिला.

“झालं नाही अजून,” त्या म्हणाल्या. हा प्रश्न नव्हता.

मी सगळं सांगितलं. पॅड, तुकडे, चुना. नाव घेतलं नाही; बाईंनी स्वतःच मामाकडे मान वळवली. इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांना ती कुठे वळवायची ते ठाऊक होतं.

“पाहिजे काय तुला?” त्यांनी मला विचारलं.

“फोम, बाई. एकदम बारीक छिद्रांचा, मऊ, दाबला की सावकाश वर येणारा.”

मामा स्टुलावर घट्ट बसून राहिला. मामा इतका स्थिर कधीच बसत नसे. मी त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या खाली पाहिलं. बाईंनी माझी नजर पकडली.

“गजानन.”

“हो जी, बाई.”

“उभा राहा.”

“बाई, ते डाक्टरी...”

“उभा राहा म्हटलं ना.”

मामा उभा राहिला. चौथीनंतर पहिल्यांदाच, आणि हातही आपोआप घडी होऊन छातीवर आले. स्टुलावर ती गोल गादी होती, मधे भोक, सावकाश फुगत वर येणारी. मी अंगठ्याने दाबली. नागपूरच्या दुकानातसुद्धा असं मऊ पॅड नव्हतं.

“अवं शालू, मी बसू कशावर?” मामाने हातांची घडी न सोडता विचारलं.

“मी आणून देते, मामा. नागपूरवरून. नवीन.”

“लिव.”

मी त्याच्यासमोर वहीत लिहिलं. ते पाहिल्यावरच त्याने हात सोडले.

खोळ काढली, गादी दोन पाण्यांनी धुतली (आई म्हणाली तीन, तीन), उन्हात पिळून पिळून सुकवली. भोक मधोमध ठेवून भोवतीने गोल कापला, खराब पॅडचा फोम सोलून त्याच्या पाठीवर पंक्चरवाल्याच्या सोल्युशनने तो चिकटवला आणि वर लोखंडी ऐरण ठेवून थांबले. या तासाभरात बाईंनी पोह्यांचा डबा उघडला, आईने उपासाचं सोडून सगळं खाल्लं आणि मामा भिंतीला टेकून उभ्याने खात राहिला. मग भंगारातल्या बॉनेटवर आधी चाचणी. हरभऱ्याएवढे चार थेंब, ते साईसारखं पॉलिश. धूर गेला. मग बाईंच्या गाडीवर. मशीनचा आवाज इतका खाली आला की ट्रक नसताना आम्हाला आमचा श्वास ऐकू येत होता. मी स्पिरिट मारून पुसलं. काळं. नुसतं काळं. (आता कारखान्यातून येणाऱ्या पॅडांनाही मधे भोक असतं, फोम तापू नये म्हणून. कल्पना आपली होती असं मामा अजून सांगतो.)

बाबा काही बोलणार तोच बाई उठल्या. “येर आण,” त्या मामाला म्हणाल्या. त्यांच्या गोंडीत पाणी मागितलं की मामा जास्त वेगाने पळायचा, हे त्यांना शाळेपासून माहीत असावं. मामाने बादली आणली. बाईंनी स्वतः तांब्याने बॉनेटवर पाणी ओतलं, साबण लावला, धुतलं, पुन्हा ओतलं, माझ्याकडून धुतलेलं कापड मागून टिपलं. बाबांनी नजर स्वयंपाकघराच्या दिशेला वळवली, जिकडे हिरवी बाटली होती. मग बाई उन्हात वाकल्या आणि चष्मा वर करून बॉनेटमधे पाहत राहिल्या. बराच वेळ. मला फोटोमागचा फॉर्म डोळ्यांसमोर दिसायला लागला.

“घरच्या आरशात दिसते त्याहून म्हातारी दिसते मी यात,” त्या म्हणाल्या. “म्हणजे काम खरं आहे.”

बाबांनी घसा साफ केला. “पसंत हाये ना बाई? नाई म्हन्जे, पोरीले डीएडले टाकाचं चाललं होतं. तुमी मास्तरीन. तुमीच सांगा.”

बाईंनी भिंतीवरचे खिळे पाहिले, पिशव्या पाहिल्या, पुठ्ठा वरपासून खालपर्यंत वाचला.

“हिला शाळेत पाठवू नका जी,” त्या म्हणाल्या. “ही पोरांना चिठ्ठ्या लावून खिळ्याला टांगेल.”

बाबा हसले नाहीत. बाई गेल्यावर त्यांनी एक जुनी जीप पुढे घेतली, तिचा पोचा भरायचा होता. पुट्टी कालवायला पुठ्ठा लागतो. ते घरात गेले, फोटोमागून डीएडचं माहितीपत्रक काढून आणलं, त्यावर पुट्टीचा गोळा टाकला आणि पात्याने कालवायला लागले. मान वर न करता म्हणाले, “तुही मशीन मधात पडली हाये. उचल.”

मी उचलली. वायर गुंडाळून सातवा खिळा ठोकला, तिथे टांगली, चिठ्ठी लावली.

तेव्हापासून मी नागपूरला किती खेपा केल्या त्याचा हिशेब नाही. आज माझ्या दुकानात मऊ पॅडांचा वेगळा खण आहे. मुलं मोबाईलवर पाहून येतात आणि मला नवी नावं सांगतात. मी म्हणते, अंगठ्याने दाबून दाखव. मामाची गादी मात्र आलेली नाही. पहिल्या खेपेला विसरले, दुसऱ्या खेपेला तो दवाखाना दुसरीकडे गेला होता, तिसऱ्या खेपेला बसची वेळ झाली, आणि त्यानंतर ती नोंद एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरत राहिली. माझ्या वह्यांमधे न झालेली कामं फार नाहीत. ही सगळ्यांत जुनी. परवा मामा दुकानात आला, काठी टेकत, खर्रा चघळत. मी खुर्ची पुढे केली आणि म्हटलं, बसा मामा.

“कशावर?” तो म्हणाला, आणि उभाच राहिला.

उद्या नागपूरला जायचं आहे. यादी केली: मधली पॅडं सहा, बारीक पॉलिश, चिकटपट्टी, स्पिरिट. पाचवी ओळ, मामाची गादी. पहिल्या चारांचं दुकान मला पाठ आहे. पाचवीचं अजून शोधायचं आहे.